फरशीखालचं परडं

माधवनगरात जुन्या गिरणीच्या मागं बैठ्या घरांची एक लायन आहे. त्यात शेवटून दुसरं घर आकाराम हवालदारांचं. फौजेतून पेन्शनीवर आल्यावर त्यांनी ते घेतलं, ते मागच्या परड्यावर खूश होऊन. घर जेवढं लांबरुंद, तेवढंच मागं मोकळं. तिन्ही अंगांनी भिंत, बोळात उघडणारं एक लोखंडी फाटक, भिंतीच्या खोबणीत वाढलेला एक शेवगा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी शहाबादी फरशी. मातीचा कण दिसेल तर शपथ.

घर बघायला आले त्या दिवशी हवालदारांनी फरशीवर बुटाची टाच आपटली आणि बायकोला म्हणाले, "बघ शालू, परेड ग्राउंड हाय नुसतं!"

एवढी जागा आणि सगळी झाकून ठेवलेली, हे बघून एखाद्या धडधाकट माणसाला अंथरुणाला बांधून घातल्यासारखं शालूबाईला वाटलं.

शालूबाईचं माहेर आणि सासर दोन्ही पलूसच्या बाजूचं. दोन्हीकडं ऊस. दारात ऊस, परसात ऊस, पाहुण्याला वाट दाखवायची तीही उसातून. आणि कोथिंबिरीची काडी हवी असली तर आठवडी बाजाराची वाट बघायची. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं उसाच्या सरीच्या कडेनं मेथी आणि माठ टोकला होता. चांगला बोटभर वर आला, तेवढ्यात धाकट्या दिरानं, नाथाजीनं, त्यावरनं औत फिरवलं. "वैनी, उसात तण कशाला पेरलंया?" म्हणून वर हसला. सगळं घर हसलं. हवालदार तेव्हा कुठंतरी बर्फात ड्यूटीवर. शालूबाईही चारचौघांबरोबर हसली, पण त्यानंतर पेरायच्या भानगडीत ती पडली नाही. पुढं राजनंदिनी झाली, शिकली, सांगलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. जमीन नाथाजीकडं राहिली आणि ही तिघं माधवनगरात आली.

पहिल्याच उन्हाळ्यात, मोरीचं पाणी जिथं फरशीच्या फटीत मुरायचं, तिथं एक भोपळ्याचा कोंब वर आला. भांड्यांबरोबर बी वाहून गेलेली असणार. शालूबाईनं त्याला हात लावला नाही. नुसती भांडी घासून झाल्यावर पाण्याची बादली त्या बाजूला कलती करायची. वेलाला पानं फुटली, दांडा जाड झाला आणि फट अपुरी पडायला लागली. मग एक दिवस हवालदार माजी सैनिकांच्या बैठकीला गेलेले बघून तिनं कोपऱ्यातली पहार काढली, पदर खोचला आणि ती फरशी उपटली. वर मुरूम निघाला, चुन्याचे खडे निघाले, आणि त्याच्याखाली काळी, ओलसर माती. तिनं मूठभर माती नाकाशी नेली. मग उपटलेली फरशी स्वच्छ पुसून भिंतीला टेकवून ठेवली.

ती पहिली फरशी मात्र हवालदारांच्या नजरेतून सुटली नाही. "ही हितली फरशी?"

"हलत हुती," शालूबाई म्हणाली. "पाय मुरगाळला असता कुणाचातरी."

"बरं केलंस."

त्यानंतर त्या परड्यात फरश्या फारच हलायला लागल्या.

हवालदारांचा रोजचा नेम होता. तांबडं फुटलं की बनियन आणि खाकी चड्डीवर परड्यात उतरायचे आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लेफ्ट-राइट करायचे. मान ताठ, नजर समोर. आणि नजर समोर असल्यामुळंच पायाखालचं ग्राउंड कडेकडेनं आकसतंय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आज मोरीजवळची फरशी जायची, पुढच्या आठवड्यात फाटकाजवळची. एका सकाळी ते झोकात "पीछे मुड" करायला गेले आणि टाच सपकन वांग्याच्या वाफ्यात रुतली.

"शालूऽ! माझं ग्राउंड कुठं गेलं?"

शालूबाई चहाचा कप घेऊन दारात आली. "तिथंच हाय की. फकस्त हिरवं झालंय."

हवालदार चिखलाचा पाय घेऊन पायरीवर बसले. सगळीकडं नजर फिरवली. भोपळा, वांगी, मिरची, कोपऱ्यात केळीचं पिल्लू, मुनवा, भिंतीकडेला अळू. भिंतीला टेकवलेल्या फरश्यांची थप्पी बघून त्यांना आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसू आलं ते थांबेना. "आयला," ते म्हणाले, "दुश्मन रोज हातभर पुढं सरकतोय आन् सेंट्रीला पत्ता न्हाई! शाब्बास गं बहाद्दरनी!"

दुसऱ्या दिवशी पहार त्यांनीच उचलली. पीटीपुरती मधली एक पट्टी ठेवली, बाकीचं ग्राउंड तिला बहाल केलं. पण फौजी माणूस. वाफ्याच्या कडा दोरी लावून सरळ करायचे, मिरचीचं एखादं रोप रांगेबाहेर गेलं की त्याला उपटून पुन्हा रांगेत आणायचे. शालूबाई म्हणायची, "आवं, मिरची हाय ती, जवान न्हाई. जगू द्या तिला."

पहिल्या वर्षी फार काही हाताला लागलं नाही. शालूबाईला ठाऊक होती ती उसाची शेती. तिनं मेथीवर मूठभर युरिया फेकला आणि चार दिवसांत मेथी जळून काळी ठिक्कर पडली. उन्हाळ्यात मुरूम तापला की रोपं दुपारीच माना टाकायची. नळाला एक दिवसाआड पाणी. मग ती गावी गेली असताना तिच्या मनात आलं, की तोडणी झालेल्या फडात वाळल्या पानांचं एवढं पाचट पडतं आणि सगळे ते पेटवून देतात, ते आपल्या मातीवर का अंथरू नये? येताना तिनं टेम्पोत पोतीच्या पोती पाचट भरलं.

नाथाजी कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "वैनी, लोकं गावाकडनं गूळ न्हेत्यात, शेंगा न्हेत्यात. तुमी कचरा निघालाय घिऊन!"

"तू पेटीवतूस, मी निजीवते त्याला," शालूबाई म्हणाली.

पाचटाच्या जाड गोधडीखाली माती खरंच निजली. ओल टिकायला लागली, गांडुळं आली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत बोट खुपसलं तरी आत जाईल अशी ती माती झाली. मोरीचं पाणी तिनं चर काढून केळीला आणि अळूला दिलं. केळ आठवड्याला एक पान उलगडायला लागली.

शेजारच्या भिंतीपलीकडं आबेदाचं घर. तिचे मालक पीरमहंमद पूर्वी मागांचे फिटर होते. यंत्रमाग कमी झाल्यावर आता ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे. आबेदानं कोंबड्या पाळल्या होत्या आणि त्यांचा कोंबडा भिंतीवर उभा राहून सगळ्या लायनीवर देखरेख करायचा. शालूबाईची पालकाची रोपं वर आली त्या सकाळी आबेदाच्या कोंबड्या भिंतीवरनं उतरल्या आणि अर्ध्या तासात वाफा साफ करून गेल्या.

शालूबाई भिंतीशी जाऊन उभी राहिली. "आबेदाभाबी, तुमच्या कोंबड्यांनी माझा पालक खाल्ला."

आबेदा पलीकडनं वर आली, वाफा बघितला आणि डोक्याला हात लावला. "या अल्ला! अक्का, लय वाईट झालं." मग जरा थांबून म्हणाली, "पण खरं सांगू? आता अंड्याचा बलक बघा कसा केशरी निघतोय."

भांडायला आलेल्या शालूबाईला हसू आवरलं नाही. त्या दिवशी वाटीभर अंडी भिंतीवरनं अलीकडं आली. दुसऱ्या दिवशी कोंबड्यांच्या खुराड्यातलं खत आलं. पीरमहंमदांनी कोंबड्या उतरायच्या तेवढ्या भिंतीवर जाळी ठोकली आणि गिरणीत कधीकाळी कामाला आलेलं जाडं सूत आणून दोन्ही परड्यांवर मांडव विणून दिला. त्या सुतावरनं तोंडली आणि पावटा असा चढला की उन्हाळ्यात दोन्ही घरांना सावली. अलीकडचा पावटा शालूबाईचा, पलीकडं गेलेला आबेदाचा. आबेदा म्हणायची, "तुमच्या वेली आमच्याकडं माहेरपणाला येत्यात, अक्का. रिकाम्या हातानं कशा धाडू?" आणि शेंगांबदली अंडी, पुदिना, कधी चुक्याची जुडी.

असं करत करत तिसऱ्या वर्षापासून शालूबाईचं मंडईत जाणं सुटलं. ठरवून सुटलं नाही. जायची वेळ यायची आणि पिशवी खुंटीवरनं काढायच्या आधी ती परड्यात एक चक्कर टाकायची, की ओटीत संध्याकाळची भाजी असायचीच. पावसाळ्यात माठ, आंबाडी, भेंडी, काकडी. थंडीत वांगी, टोमॅटो, मेथी, कांदापात, मातीखाली रताळी. उन्हाळ्यात तोंडली आणि शेवगा, आणि त्याच्या जोडीला थंडीत वाळवून ठेवलेलं. शेवग्याशेजारी पपई, मागल्या भिंतीशी रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत हळद आणि आलं. ती हळद बघून शेजारीपाजारी हसायचे. सांगलीत हळदीचे डोंगर लागतात आणि ही बाई पोत्यात हळद लावते! शालूबाई म्हणायची, "डोंगर त्येंचा, पोतं माझं."

त्यातच राजनंदिनीचं लग्न जमायची वेळ आली. मुलगा वाईचा, राजवर्धन नावाचा, शाळेत विज्ञान शिकवणारा. दोघांची ओळख सांगलीतच झाली होती, पसंती झाली होती. आता फक्त मोठ्यांनी एकमेकांकडं जेवून गोष्ट पक्की करायची होती. माघातला रविवार ठरला. वाईहून मुलाकडची मंडळी येणार, आणि गावाकडनं नाथाजी.

नाथाजी दोन दिवस आधीच फोनवर म्हणाला, "वैनी, आचारी बघू का? वाईची माणसं हायत. पद्धतशीर पाहिजे सगळं."

"आचारी नगं," शालूबाई म्हणाली. "भाजी, कोशिंबीर, लोणचं, गोड, समदं माझ्या परड्यातलं. धान्य, तेल, मीठ, दूध तेवढं भाईरचं."

"त्या तेवढ्याशा जागंत पाव्हणं जेवतील व्हय?"

"जेवून बघ."

राजनंदिनीलाही धास्ती वाटली. "आई, ते लोक म्हणतील, पालेभाजीवर बोळवण केली."

"म्हणू देत. आधी खाऊ देत, मग म्हणू देत."

बेत ठरला. भरली वांगी, मेथीची पळीवाढी भाजी, टोमॅटोचं सार, कांदापातीची कोशिंबीर. शनिवारी संध्याकाळी परड्यात उभी राहून शालूबाईनं सगळ्यांवर नजर फिरवली. वांग्यांना तेलपाणी दिल्यासारखी चमक होती. मेथी गुडघ्याला टेकत होती. सकाळी ताजंच तोडायचं असं तिनं ठरवलं आणि आत गेली.

सकाळी मंडपवाल्याच्या टेम्पोतनं खुर्च्या आल्या. हवालदारांनी बोळाकडचं फाटक उघडून त्या आत घेतल्या, पुढच्या खोलीत मांडल्या, मांडताना त्यांच्या रांगा सरळ करत बसले, आणि फाटकाची कडी लावायची राहून गेली.

शालूबाई स्वयंपाकघरात खोबरं किसत होती. मागनं कचाकचा असा आवाज यायला लागला, कुणी मोठ्या तोंडानं मुळा खावा तसा. पाठोपाठ भिंतीवरनं आबेदाच्या कोंबड्यानं आकांत मांडला. शालूबाई खिसणी तशीच टाकून दारात आली.

परड्याच्या मधोमध एक म्हैस उभी होती. धिप्पाड, काळीभोर, बोळाच्या तोंडाशी असलेल्या गोठ्यातली. तोंडातनं टोमॅटोची फांदी लोंबत होती. मेथी संपली होती. वांगी मुळापासनं आडवी. कांदापातीच्या वाफ्यात ती दोन पाय रोवून उभी होती आणि शालूबाईकडं अशा शांतपणे बघत होती, की पंगतीला हीच आधी बोलावली होती.

हवालदार धावत आले आणि छातीतनं ओरडले, "हॉल्ट!"

म्हशीनं शेपटी हलवली आणि कोथिंबिरीकडं वळली.

शेवटी पीरमहंमद भिंतीवरनं उतरले, तिच्या मानेवर हात ठेवून कानात काहीतरी पुटपुटले, आणि ती लेकुरवाळी सासुरवाशीण निघावी तशी गुमान त्यांच्यामागं फाटकाबाहेर गेली. जाताना उंबऱ्यात शेणाचा मोठा पो टाकून गेली.

हवालदारांचा चेहरा पडला. "शालू, फाटक माझ्याच हातनं उघडं ऱ्हायलं," ते म्हणाले. एवढा उंच माणूस, पण लहान झाल्यासारखा दिसत होता. शालूबाई पायरीवर बसली. डोळे भरून आले. एवढ्या महिन्यांचं पाणी, एवढी राखण, आणि नेमका आजचा दिवस.

राजनंदिनी चपला घालून आली. "आई, रडू नकोस. मी मंडईत जाते आणि तासात येते. वांगी आणते, मेथी आणते. कुणाला कळतंय?"

शालूबाईनं मान हलवली. जा म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात वाऱ्यानं शेवग्याच्या शेंगा एकमेकींवर वाजल्या. तिनं वर बघितलं. झाड शेंगांनी लोंबत होतं. शेजारी पपईला कच्ची, हिरवी फळं गळ्यापर्यंत लगडलेली. केळीचं जांभळं कमळ घडाखाली लोंबत होतं. मांडवावर पावटा. तिनं खाली बघितलं. रताळ्याचा पाला म्हशीनं खाल्ला होता, पण रताळी मातीत होती. हळदीची पोती आडवी झाली होती, पण हळद पोत्यात होती. आणि अळूला तिनं तोंडही लावलं नव्हतं. खाजतं ना ते.

शालूबाईनं डोळे पुसले. "राजी, चपला काढ. म्हशीला वरचं पोचत न्हाई आन् खालचं उकरता येत न्हाई. वर आन् खाली लय हाय अजून."

मग त्या परड्यात जी धांदल उडाली ती बघण्यासारखी होती. पीरमहंमद आकडी बांधलेला बांबू घेऊन भिंतीवर चढले आणि शेंगा पाडायला लागले. शेवग्याच्या झाडावर कुणी चढत नाही, ते काकडीसारखं मोडतं. हवालदारांनी कुदळ घेतली आणि रताळी अशी काढली, की एकालाही खरचटलं नाही. काढून झाल्यावर धुऊन लहानमोठ्या क्रमानं रांगेत मांडायला लागले, तेव्हा राजनंदिनी ओरडली, "बाबा, फोटो नाही काढायचा, खीर करायचीय!"

आबेदा बाह्या वर करून अलीकडं आली. केळफूल सोलायला तिनं घेतलं. एकेक जांभळं पान उचलायचं, आतल्या फुलांतला ताठ दांडा काढून टाकायचा, तेल लावलेल्या हातानं बारीक चिरायचं आणि ताकात टाकायचं. हात तरीही काळे झालेच. "अक्का," ती म्हणाली, "लग्न तुमच्या पोरीचं आणि मेंदी माझ्या हातावर." पावट्याच्या शेंगा ती स्वतःच्या बाजूनंही तोडून घेऊन आली होती. शालूबाई नको म्हणत होती, तर आबेदा म्हणाली, "वेल तुमची का माझी, त्या वेलीला तरी ठावं हाय का?"

मंडळी दुपारी आली तेव्हा घरभर फोडणीचा वास होता. राजवर्धन, त्याची आई, वडील लालासाहेब आणि एक आत्या. नाथाजीही येऊन बसला होता. केळीची पानं म्हशीनं खालची तेवढी फाडली होती, वरची चांगली होती. ती धुऊन मांडली. शेवग्याच्या शेंगांची आमटी, अळूवड्या, पावट्याची उसळ, केळफुलाची भाजी, कच्च्या पपईची लिंबू पिळलेली कोशिंबीर, ओल्या हळदीचं आणि आल्याचं लोणचं, ज्वारीच्या भाकरी, भात, आणि गूळ-वेलची घातलेली रताळ्याची खीर.

लालासाहेब बेतानं बोलणारे गृहस्थ. त्यांनी केळफुलाची भाजी तोंडात घातली, चावली आणि विचारलं, "वहिनी, हे मटण नव्हे ना?"

"न्हाई हो! केळीचं फूल हाय."

"मग आणखी वाढा."

अळूवड्यांचं ताट दोनदा भरलं. नाथाजी मान खाली घालून जेवत होता, आणि लोणच्याची फोड संपली की पान पुढं सरकवत होता. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा लालासाहेबांनी सहज विचारलं, की एवढ्या भाज्या कुठून आणल्या. हवालदारांनी घसा साफ केला आणि सकाळची सगळी हकीकत सांगितली. फाटक कुणाच्या हातानं उघडं राहिलं तेही सांगितलं. म्हशीला हॉल्ट म्हणाल्याचंही सांगितलं. राजवर्धनला ठसका लागला. त्याची आई पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

"म्हणजे हे म्हशीनं टाकून दिलेलं जेवण आहे?" ती म्हणाली.

शालूबाईनं वाढायची पळी खाली ठेवली, तोवर विहीणबाईच पुढं म्हणाली,

"मग तिनं खाल्लं ते किती चांगलं असेल! दाखवा मला ते परडं."

हात धुऊन ती बाई सरळ मागं गेली. तुडवलेल्या वाफ्यांतनं, उलथ्या पडलेल्या वांग्यांमधनं, इरकली लुगड्याचा काठ धरून फिरली. मांडवाचं सूत तिनं हातानं ओढून बघितलं, पाचट पायानं सारून खालची माती बघितली. वाईत त्यांचं घर वरच्या मजल्यावर होतं, गच्ची होती, माती नव्हती. ती म्हणाली, "आमच्या गच्चीवर येईल का हो असलं काही?"

"पोत्यात हळद येतीया तर गच्चीवर का न येईल?" शालूबाई म्हणाली आणि तिथंच उकिडवी बसून तिला सांगायला लागली, पोत्याला भोकं कुठं पाडायची, पाचट किती भरायचं, पाणी कसं द्यायचं. पुढं बैठकीत पुरुषमंडळी लग्नाची तिथी बोलत होती. परड्यात दोघी विहिणी कोणतं बेणं कधी लावायचं ते बोलत होत्या. आबेदा भिंतीवर कोपर टेकून मधेमधे दुरुस्ती करत होती. निघताना वाईकरांच्या गाडीच्या डिकीत हळदीचं बेणं, अळूच्या अळकुड्या, पुदिन्याच्या काड्या आणि केळीचा एक मुनवा होता. राजवर्धनची बॅग मांडीवर घ्यावी लागली.

सोयरीक पक्की झाली. चैत्र सरल्यावर लग्न झालं. राजनंदिनीच्या हळदीला शालूबाईनं परड्यातलीच हळद शिजवून, वाळवून, दळून घेतली. रंग जरा मातकट पण असा चढला, की नवरीचे हात आठवडाभर पिवळे राहिले. नवी सून वाईला गेली आणि सासूबरोबर गच्चीवर पोती भरायला लागली. आता दर रविवारी फोन येतो. पहिली दहा मिनिटं भेंडीवरच्या माव्याविषयी असतात, मग जावयाची खुशाली.

म्हैस गेल्यावर परडं पुन्हा उभं राहायला फार दिवस लागले नाहीत. तिनं तुडवलेल्या टोमॅटोंचं बी जिथं तिथं रुजलं आणि वाटेतसुद्धा रोपं उगवली. हवालदारांना ती बेशिस्त मुळीच आवडली नाही, पण त्यांनी एकही उपटली नाही. पीटीची पट्टी त्यांनी आपणहून टोमॅटोला सोडली आणि आता ते सकाळी बोळात फिरायला जातात. मधल्या भिंतीची मांडवाखालची चार-सहा दगडं काढून दोन्ही घरांनी एक लहान दार केलं. जाळी ठोकली तशी पीरमहंमदांनीच ते दार बसवलं. कोंबड्यांना मात्र त्या दारातनं फक्त मोकळ्या वाफ्यात सोडतात.

परवा बऱ्याच दिवसांनी शालूबाई सांगलीच्या मंडईत गेली. बटाटा तिच्या परड्यात काही केल्या नीट येत नाही, आणि लसूणही वर्षभर पुरत नाही. त्यासाठी गेली. नेहमीच्या जागेवर बसणारी भाजीवाली तिला बघून उठूनच उभी राहिली.

"आवं मावशी! हायसा व्हय? मला वाटलं, गाव सोडलंसा का आजारी पडलासा. कवा दिसला न्हाईसा!"

"बरी हाय गं," शालूबाई म्हणाली. "लयच बरी हाय."

दोघींनी मग तिथंच बसून पोराबाळांच्या गप्पा मारल्या. भाजीवालीनं बटाटे तोलले, आणि हात आवरेना म्हणून वर कोथिंबिरीची एक जुडी फुकट टाकली. नको कशी म्हणायची? तिचा मान होता तो. शालूबाई पिशवी घेऊन घरी आली तर हवालदार दारातच खुर्ची टाकून बसलेले. पिशवीतनं कोथिंबिरीचा शेंडा बाहेर डोकावत होता. त्यांनी तो बघितला आणि खुर्चीतनं उठले.

"बाजारची कोथमीर? आपल्या घरात? शालू, ही तर सरळ फितुरी झाली!"

"आवं, फुकट दिलीया तिनं. मायेनं दिलीया."

"मग ठीक हाय," हवालदार म्हणाले, जुडी हातात घेऊन तिचा वास घेतला आणि नाक मुरडलं. "पण आपल्या कोथमिरीची सर न्हाई हिला."

भिंतीपलीकडनं आबेदानं विचारलं, काय झालं म्हणून. शालूबाईनं दारातनं जुडी तिच्या हातात दिली आणि दोघी हसत हसत मांडवाखाली बटाट्याची भाजी कशी करायची ते ठरवायला बसल्या.